सुट्ट्यांऐवजी चॉकलेट

रिझर्व्ह बँकेने ई-रुपया काढला आणि त्याच्या पाकिटात पन्नास पैशांचं नाणंही ठेवलं, हे कळलं तेव्हा मला त्या बँकेविषयी एकदम आपुलकी वाटली. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ला चलनातून गेली. आठ आणे मात्र वाचले. कायद्याने ते आजही चलन आहे, अडचण एवढीच की ते कुणी घेत नाही. रिक्षावाला घेत नाही, वाणी घेत नाही, आणि देवळाबाहेर कुणाच्या वाडग्यात टाकलंत तर तो ते काढून तुमच्याच हातावर ठेवतो, वर दोन शब्द ऐकवतो ते वेगळेच. हातात धरता येत होतं तेव्हा जे देशात कुठे खपलं नाही, ते आता हातात धरताच येणार नाही अशा रूपाने परत आलं आहे.

ई-रुपयाची मौज इथूनच सुरू होते. १ डिसेंबर २०२२ला मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत त्याचा सर्वसामान्यांसाठीचा प्रयोग सुरू झाला. हा पैसा संगणकात जन्मला आणि संगणकातच राहणार, तरी त्याच्या पोटात शंभराची नोट आहे, वीसची आहे, दोन रुपयांचं नाणं आहे. मोबाइलच्या पडद्यावर त्यांची चित्रं दिसतात. सत्त्याऐंशी रुपये पन्नास पैसे हा नुसता आकडा लक्षात ठेवायला संगणकाला काही कष्ट नव्हते. पण आपल्या देशात 'सुट्टे द्या' हे ज्याला कधी कुणी म्हणालं नाही त्याला पैसा मानायचं कसं, असा विचार वरच्या मजल्यावर कुणीतरी केला असणार. मला तो पटतो. लग्नातल्या आहेराला पाचशेवर चिकटवायचा एक रुपया या पाकिटात तयार आहे, ही सोय परदेशी डोक्यातून येणं शक्य नव्हतं.

सुट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर एक ऐतिहासिक अन्याय दूर करतो. आपल्याकडचं पहिलं खासगी चलन बिटकॉइन, असं तरुण मंडळी समजतात. ते चूक आहे. पहिलं खासगी चलन म्हणजे वाण्याच्या काउंटरवरच्या बरणीतलं चॉकलेट. रुपया परत द्यायची वेळ आली की वाणी बरणीत हात घालायचा. चॉकलेटचं मूल्य त्याने ठरवलेलं, पुरवठा त्याच्या मर्जीवर, आणि मे महिन्यात ते कागदाला चिकटलं की आपोआप अवमूल्यन. आमच्या आत्याने एकदा अशी चॉकलेटं साठवली आणि पिशवी घेऊन त्याच वाण्याकडे साखर आणायला गेली. साखरेचे वीस रुपये झाले. आत्याने वीस चॉकलेटं मोजून काउंटरवर मांडली.

"आत्या, हे काय?"

"तुझेच पैसे."

"हे चालत नाहीत."

"तूच दिलेस ना?"

"दिले. पण घेत नाही."

पुढे मी डिजिटल चलनावर बरंच काही वाचलं. ब्लॉकचेन, टोकन, स्टेबलकॉइन, विकेंद्रीकरण. या सगळ्या जंजाळात माझ्या हाताला लागलेला कामाचा प्रश्न एवढाच, जो आत्याने साखरेच्या पुडीवर हात ठेवून विचारला होता: देणारा परत घेतो का?

या परीक्षेत ई-रुपया पास होतो, आणि चांगल्या गुणांनी पास होतो. तो थेट रिझर्व्ह बँकेचं देणं आहे. खिशातली नोट जितकी पक्की, तितकाच तो पक्का. पण हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणं म्हणजे काय असतं ते मी आमच्या मुलुंडच्या एका बँकेत पाहिलं. शेजारचे काका पासबुक भरून घ्यायला आले होते. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने उत्साहाने ई-रुपयाचं ॲप पुढे केलं.

"माझ्याकडे यूपीआय आहे," काका म्हणाले.

"यूपीआय हा पैसा नाही काका. तो पैसा इकडून तिकडे नेण्याचा मार्ग आहे. पैसा बँकेतच असतो. ई-रुपया हा स्वतःच पैसा आहे."

"मग माझ्या खात्यात जे आहेत ते कोण?"

"ते... बँकेने तुम्हाला द्यायचे आहेत."

"म्हणजे उधारी?"

अधिकाऱ्याने मागे वळून मॅनेजरच्या केबिनकडे पाहिलं. तो बिचारा खरं बोलला होता. खात्यातली शिल्लक म्हणजे बँकेने मान्य केलेली उधारीच. बँक बुडाली तर त्यातल्या पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण, पुढचं नशिबावर. ही मर्यादासुद्धा फेब्रुवारी २०२०पासूनची, त्याआधी ती एक लाख होती. मुलुंडमध्ये हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला हजार रुपयेच काढता येतील असं जाहीर झालं, तेव्हा आमच्याकडे अर्धी गल्ली बँकेच्या दारात उभी होती. ई-रुपया बँकेच्या खात्यात नसतोच, त्यामुळे बँक गटांगळ्या खाऊ लागली तरी तो कोरडा राहतो. या नव्या चलनाच्या बाजूने याहून मोठं बोलण्यासारखं काही नाही, आणि नेमकं हेच कुठलीही बँक आपल्या जाहिरातीत लिहू शकत नाही.

काकांना मात्र आता रस वाटू लागला होता. "बरं, व्याज किती?"

"व्याज नाही."

काका उठले. पाव टक्का जास्त मिळतो म्हणून मुलुंडहून कल्याणच्या पतपेढीत जाणारी ही पिढी. तिला बिनव्याजी पैसा दाखवणं हे जवळजवळ असभ्य होतं. वास्तविक व्याज मुद्दामच दिलेलं नाही. दिलं तर लोक बँकांतल्या ठेवी उचलून ई-रुपयात नेऊन ठेवतील आणि बँकांना कर्ज द्यायला पैसाच उरणार नाही. म्हणजे हे चलन लोकप्रिय व्हावं अशी इच्छा आहे, पण फार लोकप्रिय होऊ नये अशी काळजीही आहे. आमच्याकडे सुनेच्या नोकरीबद्दल पूर्वी असंच धोरण असे.

लोकांनी या धोरणाचा मान राखला आहे. ऑगस्ट २०२५मध्ये यूपीआयवर एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. मार्च २०२५ अखेर चलनातल्या नोटा ३६ लाख कोटी रुपयांच्या वर होत्या. आणि ई-रुपया? तेव्हा सगळा मिळून हजार कोटींच्या जरासा पुढे. मधल्या काळात, २०२३ संपायच्या आत रोज दहा लाख व्यवहारांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं होतं. ते गाठलंही. त्यासाठी काही बँकांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या भत्त्यांची रक्कम ई-रुपयात जमा केली, म्हणजे काही दिवस कॅन्टीनचा चहा हे राष्ट्रकार्य होतं. वर्ष उलटलं आणि चहा पुन्हा यूपीआयवर गेला.

आता दुसरं टोक. माझा मेहुणा क्रिप्टोत आहे. 'आहे' हा त्याचाच शब्द, पूर्वी लोक सैन्यात असत तसा. त्याच्याकडे बिटकॉइनचा एक सूक्ष्म कण आहे आणि तो दर दहा मिनिटांनी त्या कणाची तब्येत पाहतो. भाव वर गेला की विकत नाही, कारण अजून वर जाईल. खाली आला की विकत नाही, कारण तोटा होईल. त्यातून त्याने आजवर काडेपेटीसुद्धा विकत घेतलेली नाही. त्याचं कारणही ऐतिहासिक आहे. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत एका माणसाने दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे घेतले. आज त्या रकमेत पिझ्झ्याच्या दुकानांची अख्खी साखळी येईल. तेव्हापासून जगभरचे बिटकॉइनधारक काही खरेदी करायची म्हटली की दचकतात. पैसा खर्च करायची भीती वाटावी हे काटकसरीचं लक्षण म्हणून मला मान्य आहे, पण चलन म्हणून काम करायचं तर तो कुणीतरी कधीतरी खर्च केला पाहिजे. एल साल्वादोर देशाने सप्टेंबर २०२१मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केलं आणि ॲप घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाला तीस डॉलरचे बिटकॉइन भेट दिले. बहुतेकांनी तीस डॉलर खर्च केले आणि ॲपचं तोंड पाहणं सोडलं. त्या देशाच्या लोकांविषयी मला तेव्हापासून जिव्हाळा आहे.

बिटकॉइनची संख्या दोन कोटी दहा लाखांच्या पुढे जाणार नाही, हे तरी बरं. बाकीच्यांनी बरण्याच उघडल्या. एफटीएक्स नावाच्या क्रिप्टो बाजाराने स्वतःचं नाणं काढलं. त्या बाजाराच्या मालकाची दुसरी एक कंपनी होती, तिने तेच नाणं आपली मालमत्ता म्हणून जवळ बाळगलं आणि त्याच्या आधारावर कर्जं उचलली. थोडक्यात, वाणी बँकेत गेला, काउंटरवर चॉकलेटची बरणी ठेवली आणि म्हणाला, याची किंमत मीच ठरवतो, यावर कर्ज द्या. आणि दिलं! नोव्हेंबर २०२२मध्ये लोक एकदम आपापली पिशवी घेऊन काउंटरवर आले आणि आठवड्याभरात दुकान बंद. मालक सॅम बँकमन-फ्राइड याला मार्च २०२४मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली.

या पार्श्वभूमीवर आपण ज्या सुलतानाला जवळजवळ सातशे वर्षं वेडा म्हणत आलो त्याची बाजू घ्यावीशी वाटते. राजधानी देवगिरीला आणून तिचं दौलताबाद करणारा मुहम्मद तुघलक. १३३०च्या सुमारास त्याने तांब्यापितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या भावाने चालतील असं फर्मावलं. लोकांनी घरोघरी टाकसाळी घातल्या. सुरक्षेची काही व्यवस्था नव्हती, आजच्या भाषेत सांगायचं तर पासवर्डच ठेवला नव्हता. पण योजना फसल्यावर त्याने काय केलं? नाणी परत घेतली आणि खजिन्यातून सोनं-चांदी दिली. खरी किती, खोटी किती, हे निवडत बसला नाही. परत आलेल्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादच्या किल्ल्यात पडून होते, असं बखरकार बरनी लिहितो. खजिना खचला, पण आत्याच्या परीक्षेत सुलतान उत्तीर्ण. क्रिप्टोच्या दुनियेत असा वेडा माणूस अजून जन्मायचा आहे.

मेहुणा यावर म्हणतो की खरी क्रिप्टो बाजारात ठेवायचीच नसते, किल्ली स्वतःजवळ ठेवायची. किल्ली म्हणजे इंग्रजी शब्दांची किंवा अक्षरांची एक लांब माळ. ती हरवली की पैसा गेला. तक्रार करायला शाखा नाही, मॅनेजर नाही, 'आईचं माहेरचं आडनाव सांगा' असं विचारणारी मुलगीही नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रोग्रामरचे ७,००२ बिटकॉइन एका पेनड्राइव्हमध्ये अडकले आहेत. दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की तो पेनड्राइव्ह कायमचा मिटतो, आणि गड्याचे आठ प्रयत्न संपले आहेत. वेल्समधल्या एकाची हार्डडिस्क कचऱ्यात गेली. न्यूपोर्टच्या नगरपालिकेने कचऱ्याचा डोंगर उपसू द्यावा म्हणून तो कित्येक वर्षं भांडला आणि जानेवारी २०२५मध्ये कोर्टात हरला. कॅनडातल्या क्वाड्रिगा या बाजाराचा मालक तर डिसेंबर २०१८मध्ये आपल्या जयपूरला वारला आणि सगळ्या किल्ल्या एकट्या त्याच्याकडेच होत्या, असं लाखभर ग्राहकांना सांगण्यात आलं. पुढे चौकशीत निघालं की किल्ल्या सापडल्या असत्या तरी फारसं काही हाती लागलं नसतं, तिजोरी त्याने हयातीतच साफ केली होती.

आमच्या घरात सगळे पासवर्ड कालनिर्णयच्या मागे लिहिलेले असतात, दुधाच्या हिशेबाखाली. ही पद्धत सुरक्षित आहे, कारण आमचं अक्षर आम्हालाही लागत नाही. फक्त ३१ डिसेंबरला जुनं कालनिर्णय उतरतं आणि नवं लागतं. मेहुण्याच्या किल्लीचे चोवीस शब्द बायकोने तिथे लिहून ठेवायची तयारी दाखवली तेव्हा तो रात्रीचं जेवण अर्धवट टाकून घरी गेला.

सरकारची या धंद्याबद्दलची भूमिका मला फार आवडते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बँकांना क्रिप्टोपासून दूर राहायला सांगितलं. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. फेब्रुवारी २०२२मध्ये गव्हर्नर शक्तिकांत दास म्हणाले की या चलनांमागे ट्यूलिपच्या फुलाएवढाही आधार नाही. त्याच महिन्यातल्या अर्थसंकल्पात त्या आधार नसलेल्या वस्तूच्या नफ्यावर तीस टक्के कर बसला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे मुलगा वाईट संगतीत आहे हे वडिलांनी चारचौघांत सांगायचं, जिंकून आला तर तीस टक्के घ्यायचे आणि हरून आला तर ओळख दाखवायची नाही. त्यानंतर जुलै २०२४मध्ये वझीरएक्स या आपल्याकडच्या मोठ्या बाजारातून सुमारे तेवीस कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली, तेव्हा हरून आलेली मुलं बरीच होती.

इथवरचे धोके म्हणजे पैसा बुडण्याचे. ते आपल्याला नवे नाहीत. पतपेढी, भिशी, दामदुप्पट योजना यांनी मराठी माणसाला त्याची उत्तम तालीम दिली आहे. मला खरी धास्ती आहे ती पैसा शहाणा होण्याची. फेब्रुवारी २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की ई-रुपयाला आज्ञा देता येईल अशी सोय करणार: अमुक कामालाच खर्च हो, तमुक भागातच हो, अमुक तारखेपर्यंत हो. शेतकऱ्याला खतासाठी दिलेलं कर्ज खतालाच जाईल, मधे कुणी खाणार नाही. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. चीनने तर ऑक्टोबर २०२०मध्ये शेन्झेनला सोडत काढून पन्नास हजार लोकांना दोनशे-दोनशे डिजिटल युआन वाटले, आठवड्याभरात खर्च करा नाहीतर परत घेऊ या अटीवर. देणारा परत घेतो का, या प्रश्नाचं असं उत्तर आत्याच्याही मनात आलं नसतं.

'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार खात्यात आले तेव्हा बायकांनी बँकेत रांगा लावून ते रोख काढले, हे सगळ्यांनी पाहिलं. शहाण्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडली: खात्यात ठेवले असते तर काय झालं असतं? काय झालं असतं ते त्या बायकांना ठाऊक होतं. खातं नवऱ्याच्या मोबाइलला जोडलेलं. आजवर 'कशाला हवेत?' हा प्रश्न विचारायचा हक्क घरातल्या कर्त्या पुरुषाचा होता. उद्या तो पैसाच विचारायला लागला तर? दीड हजार फक्त पोषक आहारावर, अशी आज्ञा दिली की चहाची पत्ती त्यात बसते की नाही यावर मंत्रालयात समिती नेमावी लागेल आणि तिचा अहवाल येईपर्यंत राज्यातल्या अर्ध्या घरांत कोराही चहा होणार नाही.

रोख पैशाचा गुण हा, की तो मुका आणि विसराळू आहे. कुणी दिला, कशाला दिला, त्याला काही आठवत नाही. याच्या जोरावर काळा बाजार चालला हे खरं, पण त्याच्याच जोरावर डाळीचा डबाही चालला. नोटाबंदीनंतर ९९.३ टक्के नोटा बँकेत परत आल्या. काळा पैसा किती सापडला यावर अजून वाद आहेत, पण डाळीच्या डब्यातला पांढरा पैसा झाडून सगळा बाहेर आला आणि कित्येक नवऱ्यांना आपण इतकी वर्षं बऱ्यापैकी श्रीमंत होतो हे त्या नोव्हेंबरात कळलं. ई-रुपयाच्या आराखड्यात छोट्या रकमा निनावी ठेवू असं म्हटलं आहे. डब्याची ती सोय मोबाइलमध्ये खरोखर झाली, तर मी या चलनाचा पहिला भक्त होईन.

आमच्या भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर पैसे आल्याची द्वाही फिरवणारा खोका आहे. गिऱ्हाइकाने स्कॅन केलं की तो रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, इतके रुपये मिळाले. मावशींना मिळत नाहीत. स्कॅनर मुलाच्या खात्याचा आहे. दिवसभर खोका कमाई ओरडतो, संध्याकाळी मुलगा दुकानाचा हप्ता वळता करतो, आणि पहाटे कल्याणच्या मार्केटात टेम्पोवाल्याला द्यायला मावशी त्याच्याकडेच हात पसरतात. यावर त्यांनी उपाय काढला आहे. गिऱ्हाईक ओळखीचं असलं की हळूच म्हणायचं, पन्नास रोख द्या, राहिलेले त्याच्यावर मारा.

मी परवा त्यांना ई-रुपया समजावून सांगितला. थेट तुमच्या मोबाइलमध्ये राहतो, बँकेच्या खात्यात नाही, मुलाच्या नाही.

"सुनेला दिसतो का?"

"छोट्या रकमा कुणाला दिसू नयेत असं ठरतंय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"रिझर्व्ह बँक."

"तिला दिसतं?"

मी जरा विचार केला. "तिला दिसत असावं."

"मग आज तिला, उद्या सुनेला," मावशी म्हणाल्या. "पन्नास रोख द्या. आणि मेथी घेता का? शेवटच्या दोन जुड्या आहेत, पंधराला लावते."